बुधवारचा निरोप

माथाड्याच्या खिशात मोबाईल टिकत नाही. पाठीवर कांद्याची गोणी आली, माणूस वाकला, की मागच्या खिशातला फोन गेलाच म्हणून समजा. पुढच्या खिशात ठेवावा, तर ट्रकच्या फळीवरून उतरताना तो माणसाच्या आधी खाली. म्हणून तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात हौसेराव मुकादमाच्या टोळीनं एक रीत पाडून घेतली होती. सकाळी कामाला हात लावायच्या आधी सगळ्यांचे फोन एका कापडी पिशवीत जायचे आणि पिशवी काट्याशेजारच्या खिळ्याला लटकायची. राखण मुकादमाची. कुणाचा फोन वाजला तर मुकादम उचलणार, कुणाला बोललेला निरोप आला तर मुकादम लावणार, आणि लावणार तोही पार मोठ्या आवाजात. कारण ज्याचा निरोप, तो बापडा गाळ्याच्या दुसऱ्या टोकाला ओझ्याखाली.

"येताना गॅसची नळी आणा, नायतर जेवायला हाटेलात जा," असं कुणाची बायको बोलली की सगळी टोळी ऐकायची आणि दिवसभर त्या नळीवरून चेष्टा चालायची. त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. मजुरी सगळ्यांत सारखी वाटली जायची, चहा एका किटलीतला, जेवणाचे डबे एकमेकांत उपडे व्हायचे. मग निरोप तेवढे वेगळे कशाला ठेवायचे?

या निरोपांत बुधवारी एक खास निरोप असायचा. सुनयनाबाईंचा.

सुनयनाबाई महापालिकेच्या शाळेत तिसरीला शिकवायच्या. पालकसभा घ्यायची त्यांना भारी हौस होती, पण पहिल्या सभेला चार बाया आल्या, त्यातल्या दोघी चुकून. बाप मार्केटात, आया लसूण सोलायला नाहीतर सोसायट्यांत भांड्याला. येणार कोण? म्हणून बाईंनी सभेचा नाद सोडला आणि दर बुधवारी मधल्या सुट्टीत एकेका पोराच्या घरी वेगळा निरोप बोलून पाठवायला लागल्या. वर्गात काय चाललंय, पोराला काय जमतंय, घरी काय करून घ्यायचं, सगळं. पन्नाशी गाठलेली बाई, घसा बसलेला, पण एकही पोर सोडायच्या नाहीत.

हौसेरावच्या टोळीतल्या दोघांची पोरं त्या वर्गात होती. भैरूची वैष्णवी आणि कृष्णातचा स्वराज. त्यामुळे तिसरीचा अभ्यास टोळीला दोन-दोनदा ऐकायला मिळायचा. हातच्याची वजाबाकी बाईंनी इतकी फोड करून सांगितली होती, की जावळीकडचा एक म्हातारा गडी थप्पी मोजताना हातचे मागायला लागला. बुधवारी चहाला हमखास कुणीतरी विचारायचं, "आज काय शिकवलं रं बाईंनी?"

आणि भैरूची छाती फुगायची. कारण त्याची पोरगी वाचायची. दिवाळीनंतर त्यानं तिचा व्हिडिओच काढला होता. पुस्तक मांडीवर, बोट ओळीवर, आणि खारीची गोष्ट नुसती घडाघडा. मध्ये श्वास घ्यायलाही थांबली नव्हती. तो व्हिडिओ टोळीतल्या प्रत्येकानं पाहिला होता, काहींनी बळजबरीनं.

तो बुधवार मोठ्या आवकेचा होता. नवा लाल कांदा सुरू झालेला, गाड्यांची रांग पार गेटाबाहेर. हवेत कांद्याची फोलपटं उडत होती, घामाला चिकटत होती, नाकातोंडात जात होती. भैरू ट्रकवरून गोणी घेऊन फळीवर पाय ठेवतच होता, तेवढ्यात खिळ्याकडून बाईंचा आवाज आला. मुकादमानं सवयीप्रमाणे निरोप लावला होता.

"वैष्णवीचे पप्पा, नमस्कार. आज हे फक्त तुमच्यासाठी सांगते आहे."

भैरू ऐटीत हसला. टोळीनंही कान टवकारले.

"वैष्णवी हुशार मुलगी आहे. पण तिला अजून वाचता येत नाही. धडा ती घडाघडा म्हणते, पण तो तिनं पाठ केलेला असतो. नवीन शब्द दाखवला की गप्प होते. माझ्याही हे उशिरा लक्षात आलं. तुम्ही घाबरू नका, तिला रागावूही नका. एकदा शाळेत येऊन मला भेटाल का?"

मुकादम फोन बंद करायला धडपडत होता. निरोप अर्ध्यात थांबवायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती, त्यामुळे ते कुठं दाबायचं हेच त्याला ठाऊक नव्हतं. बोटाला माती, काच काही ऐकेना. बाई शेवटपर्यंत बोलल्या.

"मग व्हिडिओत कोण वाचत हुतं रं?" खालून कृष्णात ओरडला. "पोपट?"

टोळी हसली. वाईट मनानं नाही हसली. रोज हसायची तशीच हसली. पण भैरू फळीवर होता, पाठीवर पन्नास किलो होते. ओझं खाली टाकून समोर यायची सोय नव्हती, की मागं वळायची नव्हती. मान खाली घालून, त्या हसण्यातून वाट काढत, त्याला ती गोणी थप्पीपर्यंत न्यावीच लागली. कानाच्या पाळ्या पेटल्या होत्या. गोणी टाकून तो सरळ झाला तेव्हा त्याला वाटलं, आत्ता धरणी दुभंगली तर बरं.

*

बोनकोड्यात वेणूबाईंच्या चाळीत भैरूची एक खोली होती. तो आला तेव्हा सत्यभामा दारात बसून बोटांना खोबरेल चोळत होती. दिवसभर लसूण सोलून तिच्या नखांच्या कडा सोलवटल्या होत्या. मिठाचा हात लागला तरी ती कळवळायची.

"वैष्णे!" त्यानं चपला काढायच्या आधीच हाक मारली. "पुस्तक आण."

पोरगी आली. आठ वर्षांची, दोन वेण्या, एक सुटलेली. बापाचा आवाज ऐकून तिनं पुस्तक छातीशी धरलं.

"बाई म्हंत्यात तुला वाचाया येत न्हाई. वाच बरं."

तिनं खारीचा धडा काढला. बोट ठेवलं आणि सुरू झाली. सरसर झाडावरून उतरणारी खार, तिनं लपवलेल्या बिया, पाऊस, उगवलेलं रोप. कुठंही अडखळली नाही. पुढचा धडा काढला, तोही तसाच. भैरूच्या जिवात जीव आला, आणि मागोमाग असा राग आला की काय सांगावं!

"ऐकलंस?" तो बायकोला म्हणाला. "आन् ती बाई सगळ्या मार्केटात माझी अब्रू काढती. डोसक्यावर पडलीय का ती?"

"आवं पण बाई खोटं कशाला बोलतील?"

"मला इचारतीस? उद्या जाऊन तिलाच इचारतो!"

त्याचा आवाज एवढा चढला की शेजारून वेणूबाई डोकावल्या. आगरी म्हातारी, घरमालकीण असली तरी सगळ्या चाळीची आजी. "काय रं भैरू, कशाला वरडतंस पोरीवर? आदी पानी पी," म्हणाल्या. भैरू पाणी प्यायला, पण राग काही गिळला गेला नाही.

वैष्णवी पुस्तक मिटून कोपऱ्यात जाऊन बसली. तिचं तोंड एवढंसं झालं होतं. ते सत्यभामानं पाहिलं, भैरूनं नाही.

*

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत त्यानं गोणी ओढायचा आकडा खाली ठेवला. ऐन आवकेत गडी गेला की त्याचं ओझं बाकीच्यांच्या पाठीवर. पण मुकादम नुसता "जा" म्हणाला, आणि कुणी कुरकुर केली नाही. तेही भैरूला टोचलं.

शाळेत खिचडीची वेळ होती. व्हरांड्यात पोरं ताटं घेऊन रांगेत बसलेली. भैरू तसाच गेला, केसांत फोलपटं, बनियनला माती, अंगाला कांद्याचा वास. त्यानं रांगेतून वैष्णवीला उठवलं, तिचं दप्तर मागवलं आणि बाईंसमोर जाऊन उभा राहिला.

"बाई, हिला वाचाया येत न्हाई म्हंता न्हवं? आता हितंच वाचून दाखवती. सगळ्यांच्या म्होरं. वाच गं!"

पोरं खायची थांबली. वाढणाऱ्या दोन बाया डाव हातात धरून बघत राहिल्या. वैष्णवीनं पुस्तक उघडलं, बोट ठेवलं.

सुनयनाबाईंनी पुढं होऊन पुस्तकावर आपला हात ठेवला.

"इथं नको, वैष्णवीचे पप्पा."

"का? खोटं पडाल म्हणून?"

"मुलांसमोर नको. तिला किती वाईट वाटेल, बघा तरी तिच्याकडे."

"आन् माझं काय वं?" भैरू भडकला. "माझं तुमी अख्ख्या टोळीम्होरं काढलंत, तवा न्हाई वाईट वाटलं?"

"टोळीसमोर?" बाईंना कळेना. "मी तर तुमच्या फोनवर पाठवलं होतं. फक्त तुम्हाला."

मग भैरूनं सांगितलं. खिळा, पिशवी, मुकादम, मोठा आवाज. फळीवरचं ओझं. कृष्णात काय म्हणाला तेही. सांगता सांगता त्याचा आवाज चिरकला आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

बाईंनी वैष्णवीला परत जेवायला बसवलं, भैरूला वर्गात नेलं आणि दार लोटलं. स्वतः पोरांच्या बुटक्या बाकावर मटकन बसल्या. चेहरा पार उतरला होता.

"माझी चूक झाली," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, मी तुमच्या कानातच बोलते आहे. कधी विचारलंच नाही, माझं बोलणं कोण ऐकतं ते. दोन वर्षं झाली पाठवते आहे, आणि एकालाही विचारलं नाही. मला माफ करा."

एवढी शिकलेली बाई अशी हात जोडून माफी मागेल असं भैरूला वाटलं नव्हतं. भांडायला आणलेलं सगळं सामान त्याच्या हातातच राहिलं.

"मग काल बोललात ते मागं घ्या," तो म्हणाला.

"ते कसं घेऊ? ते खरं आहे." बाईंनी त्याच्याकडं सरळ पाहिलं. "तिचा कान फार तयार आहे. एकदा ऐकलं की डोक्यात बसतं. म्हणून तर मलाही कळलं नाही. घरी निवांत बसा, दुसरं कोणी नसताना. तिनं कधी न ऐकलेली एखादी ओळ दाखवा. रागावू नका मात्र. शिकेल ती, मी शिकवीन. पण तुम्ही रागावलात तर ती अजून लपवेल."

भैरू दार ढकलून बाहेर आला. मधली सुट्टी संपायची घंटा होत होती. त्यानं तरी पोरीचा हात धरला आणि तिला घेऊन निघाला.

घरी निवांत बसा म्हणाल्या होत्या बाई. पण भैरूला घरापर्यंत दम निघाला तर ना! कोपऱ्यावर पहिलंच दुकान दिसलं तिथं तो थांबला.

"त्या पाटीवर काय लिवलंय?"

वैष्णवीनं पाटीकडं पाहिलं. पाटीवर पंख्याचं चित्र होतं. "पंख्याचं दुकान," ती म्हणाली.

पाटीवर मालकाचं नाव होतं आणि पुढं इलेक्ट्रिकल्स. भैरूनं ओढत तिला पुढं नेलं. "हितं?"

चित्र नव्हतं. नुसती अक्षरं, लाल, मोठी. पोरीनं पाटीकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं. ओठ हलले, आवाज नाही. मग दुकानात डोकावून आत काय ठेवलंय ते बघायला लागली. डोळ्यांत पाणी तरळलं तरी ती आत बघतच होती, काहीतरी सापडेल म्हणून.

पाटी होती 'गणेश मेडिकल'. पहिला शब्द तर तिच्या घराच्या दारावरही लिहिलेला होता.

म्हणजे बाई खऱ्या होत्या. आणि टोळीत पोपट म्हणाला तो कृष्णातही खरा होता. मारायला उचललेला हात भैरूनं कसाबसा खाली घेतला, पण तोंड काही त्याला आवरलं नाही.

"एवढी लबाडी? आपल्या बापाशी?" तो भर रस्त्यात ओरडला. "शनवारी तुला गावाला घालवतो. ऱ्हा आजीजवळ. हितं ऱ्हाऊन माझं नाक कापू नगंस!"

*

संध्याकाळी घरात नुसती आग. सत्यभामा पोरीला पोटाशी धरून बसलेली, भैरू दाराला टेकून.

"पाटणच्या वर आपलं गाव," ती म्हणाली. "दोन खोल्यांची शाळा. सासूबाईंना सांजचं दिसत न्हाई. त्या हिचं बघत्याल का ही त्यांचं बघंल?"

"मी न्हाई शिकलो तितं?"

"मग आज कुटं हाय तुमी? गोण्याच उचलताय न्हवं?"

हे फार झालं होतं. भैरू तिच्याकडं नुसता बघत राहिला. सत्यभामानं डोळे खाली केले नाहीत.

"एक सांगा मला," ती हळू म्हणाली. "पोरीला वाचाया येत न्हाई म्हणून धाडताय, का टोळी हसली म्हणून?"

भैरू उठून बाहेर गेला, आणि वेणूबाईंच्या ओट्यावर बराच वेळ बसून राहिला. त्याला उत्तर येत होतं. म्हणून तर तो बाहेर गेला होता.

शुक्रवारी तो कामावर आला. टोळीत कुणी चकार शब्द काढला नाही. निरोप आले तर मुकादम फोन उचलून ज्याचा त्याला नेऊन देत होता, कानाला लावून ऐका म्हणत होता. नळीची चेष्टा नाही, वजाबाकी नाही. चहाला सगळे बशीत बघून फुरके मारत होते. कृष्णात दोनदा जवळ आला आणि दोनदा काही न बोलता परत गेला. हसत होते तेच बरं होतं, असं भैरूला होऊन गेलं. या शांततेत त्याला एकट्यालाच आपली धाप ऐकू येत होती.

"पोरीला गावाला घालवतोय," त्यानं शेवटी मुकादमाला सांगितलं. "उद्या सांजच्याला."

हौसेराव टोपी काढून डोकं खाजवत राहिला. "माज्यामुळं झालं हे," म्हणाला. "त्यो निरोप बंद करायचं ठिकाण घावलं असतं तर..."

"न्हाई वं आण्णा. तुमचा काय दोष त्यात?"

पण मग दोष कुणाचा, हे काही भैरूला सांगता येईना. राग काढावा तसं त्यानं त्या दिवशी काम ओढलं, दोन गड्यांचं. संध्याकाळी मान वळेना झाली.

*

सत्यभामानं पिशवी भरायला साफ नकार दिला. "तुमी धाडताय, तुमी भरा." मग भैरूनंच भरली. फ्रॉक, स्वेटर, टॉवेल, दातांचा ब्रश. पोरीचे कपडे घडी कसे घालतात तेही त्याला येत नव्हतं; गोळे करून कोंबले. सत्यभामा भिंतीकडं तोंड करून बसली होती. निघताना तिनं पोरीची सुटलेली वेणी तेवढी घट्ट बांधली, आणि बांधता बांधता तिला हुंदका फुटला.

जुईनगरला हायवेच्या कडेला गावाकडच्या गाड्या थांबतात. शनिवारची संध्याकाळ, माणसांची झुंबड. कुणाकडं पोती, कुणाकडं मिक्सरचा नवा खोका. भैरू गर्दीपासून थोडा लांब कठड्याला टेकला. तो स्वतः पोचवायला जाणार होता आणि रविवारी रात्री परतणार होता. वैष्णवी त्याच्या शेजारी, पिशवी दोन्ही पायांत धरून. घरातून निघाल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती.

"पप्पा," ती आता म्हणाली.

"काय?"

"मी गावाला वाचायला शिकले की तुमी मला परत आणणार?"

"आणीन की."

"आणि नाय शिकले तर?"

हायवेवरून एक टँकर धाडधाड गेला.

"तू लबाडी का केलीस, त्ये सांग आदी," तो म्हणाला. आवाजात आता राग नव्हता, नुसतं विचारणं होतं.

वैष्णवी मग खाली बघत बोलायला लागली, धडा म्हणते तशी घडाघडा नाही, थांबत थांबत.

"तुमी दिवाळीनंतर बोललात ना, वैष्णे वाच, व्हिडिओ काढतो. तेव्हा मला नव्हतं येत. भाविकानं मला तो धडा वाचून दाखवला होता, म्हणून मी म्हटला. मला वाटलं एकदाच म्हणायचाय." भाविका म्हणजे चाळीतली पाचवीतली पोरगी. "मग तुमी एवढे हसलात. मला उचललं. मम्मीला बोललात, बघ माझी वाघीण. मग तुमी व्हिडिओ सगळ्यांना दाखवला. मग मी कसं सांगू, की मला नाय येत?"

भैरूनं पिशवी तिच्या पायांतून काढून आपल्याकडं घेतली.

"मग प्रत्येक धडा भाविकाकडून ऐकायचे," ती म्हणाली. "ती कधी कधी खेळायला जायची, मग मला रडू यायचं. पाठ करायला लई टाइम लागतो, पप्पा. वाचायला शिकायला टाइमच नाय राहिला."

गाडी आली. लोक उठले, पोती उचलली गेली, कंडक्टर दारात लोंबकळून "कराड, पाटण, चला, चला" करायला लागला. भैरू जागचा हलला नाही. आपण तिला उचललं तो दिवस त्याच्या डोळ्यांपुढं लख्ख उभा होता. केवढी हसली होती पोरगी! आणि हसताना तिच्या पोटात हे होतं. त्या एवढ्याशा पाठीवर केव्हाचं ओझं होतं, आणि ते चढवलं होतं त्यानंच. वर छाती फुगवून मार्केटभर मिरवलं होतं.

"ओ काका, बसताय का?" कंडक्टर खेकसला. "पोरीला वर द्या!"

"न्हाई," भैरू म्हणाला. "जावा तुमी."

"मग फोनवर दोन सीटं कशाला सांगितली?"

"चुकलं म्हणतो की! जावा!"

गाडी गेली. धुराळा बसला. वैष्णवी त्याच्या तोंडाकडं बघत होती, खरं की खोटं ते कळत नव्हतं तिला. भैरू खाली बसला, उकिडवा, तिच्याएवढा झाला. माथाड्याच्या गुडघ्यांना ते बसणं सोपं नसतं.

"माजंच चुकलं," तो म्हणाला. मग त्यानं पोरीचं डोकं खांद्यावर दाबून धरलं आणि तसाच बसून राहिला. जाणारे येणारे बघत होते. बघू देत.

जरा वेळानं त्यानं फोन काढला आणि बाईंना लावला. गाड्यांच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून आवाज मोठा केला.

"बाई, वैष्णवीचा पप्पा बोलतोय. पोरीला गावाला घालवत हुतो. न्हाई घालवली. तुमी म्हणालात ते खरं हाय. आता मी काय करायचं ते सांगा."

तिकडून बाईंचा बसका आवाज आला. "फार बरं केलंत. सोमवारपासून शाळा सुटल्यावर थोडा वेळ तिला थांबवून घेते. तुम्ही घरी काही करू नका, नुसतं तिच्याजवळ बसा. आणि हे बघा, मी आता फोनवर काही पाठवणार नाही. असेल ते भेटून सांगेन."

"न्हाई, पाठवा," भैरू म्हणाला. "टोळी ऐकंल तर ऐकू दे. मी लई दाखवाया गेलो म्हणून पोरीला लपवाया लागलं. आता काय लपवायचं न्हाई."

"तुमचं खरं आहे," बाई म्हणाल्या. "पण गोष्ट तिची आहे. तिला विचारल्याशिवाय मी पुन्हा पाठवणार नाही. ती आहे का जवळ?"

भैरूनं फोन पोरीपुढं धरला. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला.

"बाई," ती म्हणाली, "तुमाला माहीत होतं, मला वाचता येत नाय ते?"

"हो बाळा. थोडे दिवस झाले, लक्षात आलं होतं."

"मग तुमी पप्पांना बोललात. मला का नाय बोललात?"

"तुला वाईट वाटेल, असं वाटलं मला," बाई म्हणाल्या.

"मला रोजच वाटत होतं," वैष्णवी म्हणाली. "तुमी वर्गात पुस्तकावर बोट ठेवायला जवळ आलात की पोटात दुखायचं. मला वाटायचं, आज कळणार. तुमी बोलल्या असतात की तुमाला कळलंय, तर मग नसतं दुखलं."

बाईंचा आवाज पार बारीक झाला. "खरं आहे तुझं. मी सगळ्यांना कळवत बसले आणि तुलाच नाही कळवलं. यापुढे आधी तुला सांगेन, वैष्णवी. तुला काय येतं, काय येत नाही, सगळं आधी तुला. चालेल?"

"चालेल."

"आणि मग पप्पांना निरोप पाठवू का?"

वैष्णवीनं बापाकडं पाहिलं. तो अजून उकिडवाच बसला होता, तिच्याएवढा, मान एका बाजूला धरून.

"नको बाई," ती म्हणाली. "पप्पांना मी सांगीन."